आडात नसेल तर... (गोल्फ सिम्युलेटरचा इतिहास)

गोल्फ सिम्युलेटर म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा गोल्फशी संबंध टीव्हीवरच्या टायगर वुड्सपुरताच असतो. खोलीत एक जाड पांढरा पडदा. त्याच्यापासून आठ-दहा फुटांवर हिरवी चटई. चटईवर खरा चेंडू आणि हातात खरी काठी, जिला गोल्फवाले क्लब म्हणतात. तुम्ही जीव खाऊन चेंडू मारता, तो पडद्यावर धप्पकन आपटतो आणि खाली पडतो. पडद्यावर प्रोजेक्टरने दाखवलेल्या मैदानात मात्र तोच चेंडू उडत राहतो, थोडा उजवीकडे वळतो, अडीचशे यार्डांवर टप्पा खातो आणि गवतात थांबतो.

खरा चेंडू गेला तीन मीटर. मग उरलेले सव्वादोनशे मीटर कुणी ठरवले?

सगळी गोम याच प्रश्नात आहे. चांगल्या खेळाडूचा चेंडू सेकंदाला साधारण ७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी २७० किलोमीटर. पडद्यापर्यंतचे तीन मीटर तो ४० मिलिसेकंदांत कापतो. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. या ४० मिलिसेकंदांत यंत्राला जे दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळं गणित. घरी सिम्युलेटर बसवायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, कॉम्प्युटर कुठला घेऊ? माझं म्हणणं असं की हा प्रश्न शेवटचा असायला हवा. आणि ते पटवायला मला पार १७४२ पर्यंत मागे जावं लागणार आहे. चहा घेऊन बसा :)

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक छापलं. त्याच्यापुढचा प्रश्न होता, बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा वेग मोजायचा कसा? तेव्हा ना कॅमेरा, ना मिलिसेकंद मोजणारं घड्याळ. रॉबिन्सने काय केलं, तर एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगला आणि त्यात गोळी झाडली. गोळी ठोकळ्यात रुतली, ठोकळा मागे झुलला. किती झुलला ते फितीवर मोजलं. ठोकळ्याचं वजन माहीत, गोळीचं वजन माहीत, मग संवेगाच्या नियमाने गोळीचा वेग आला! जी गोष्ट इतकी वेगवान आहे की दिसतच नाही, तिला सावकाश हलणाऱ्या गोष्टीत बदलून मोजायचं. इंजिनिअर म्हणून मला ही आयडिया आजही भारी वाटते.

रॉबिन्सने आणखी एक गोष्ट दाखवली. गोळी नुसती पुढे जात नाही, ती स्वतःभोवती फिरतेही, आणि त्या फिरकीमुळे हवेत बाजूला वळते. पुढे १८५२ मध्ये हाइनरिश मॅग्नस या जर्मन शास्त्रज्ञाने यावर प्रयोग केले आणि नाव लागलं त्याचं, मॅग्नस इफेक्ट. क्रेडिट कुणाला मिळतं याचा अनुभव आयटीत काम करणाऱ्यांना वेगळा सांगायला नको. हाच रॉबिन्स नंतर ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

बरं, गोल्फ कुठे आलं यात? दीडशे वर्षांनी आलं, एडिनबरोमध्ये.

पीटर गथ्री टेट हे एडिनबरो विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, लॉर्ड केल्विनबरोबर पाठ्यपुस्तक लिहिलेले, मॅक्सवेलचे बालमित्र. आणि गोल्फचे अट्टल वेडे. त्यांचा मुलगा फ्रेडी तर पुढे १८९६ आणि १८९८ असा दोनदा ब्रिटिश अॅमॅच्युअर विजेता झाला. म्हणजे घरातच उत्तम टेस्ट डेटा उपलब्ध!

टेटना एक गोष्ट सतावत होती. चांगला मारलेला चेंडू सहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. नुसता वेग, गुरुत्वाकर्षण आणि हवेचा रोध एवढंच धरून गणित केलं तर इतका वेळ येतच नाही. म्हणजे काहीतरी सुटतंय. टेटनी रॉबिन्सची युक्ती उचलली. प्रयोगशाळेत चिकणमातीचा थर दिलेला लंबक टांगला आणि त्यावर चेंडू मारवून घेतले. वेग मिळाला. आता फिरकी कशी मोजायची? चेंडूला एक लांब चपटी फीत बांधली, तिचं दुसरं टोक पक्कं केलं आणि चेंडू थोड्या अंतरावरच्या चिकणमातीत मारला. चेंडू जितका फिरला तितके पीळ फितीला पडले. ते मोजले. झालं! १८९० च्या दशकातल्या निबंधांतून त्यांनी मांडलं की चेंडू उलटा फिरत जातो, म्हणजे आपण ज्याला बॅकस्पिन म्हणतो ते, आणि ती फिरकी त्याला वर उचलून धरते.

आता हे चित्र पुन्हा बघा. बंद खोली, काही फुटांवर अडवलेला चेंडू, मोजलेला वेग, मोजलेली फिरकी, आणि पुढच्या उड्डाणाचं कागदावर सोडवलेलं समीकरण. गोल्फ सिम्युलेटर १८९० च्या दशकातच तयार होता. फक्त प्रोजेक्टर नव्हता.

(फ्रेडी टेट फेब्रुवारी १९०० मध्ये बोअर युद्धात, वयाच्या तिसाव्या वर्षी मारला गेला. प्राध्यापक पुढच्याच वर्षी गेले.)

टेटच्या समीकरणात एक कच्चा दुवा होता. किती वेगाला आणि किती फिरकीला हवा नक्की किती जोर लावते, हे आकडे. त्यात चेंडूही बदलत गेले. गटापर्चाचे जुने गुळगुळीत चेंडू वापरून ओरखडले की नव्यापेक्षा जास्त लांब जातात, हे खेळाडूंनी आधीच हेरलं होतं. त्यातूनच पुढे चेंडूवरचे खळगे आले, ज्यांचं पेटंट विल्यम टेलरने १९०५ मध्ये मागितलं. खळग्यांमुळे चेंडूला चिकटून वाहणारी हवा उशिरा सुटते आणि रोध जवळजवळ निम्म्यावर येतो. पण हे सगळं आकड्यांत पकडायला १९७६ उजाडलं. बेअरमन आणि हार्वी या लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या दोघांनी खळग्यांच्या चेंडूचं मोठं मॉडेल विंड टनेलमध्ये फिरवून वेग आणि फिरकीनुसार रोध आणि उचल यांचे आलेख दिले.

म्हणजे १९७६ नंतर कोडचा हा भाग सुटल्यात जमा होता. इनपुट तीन गोष्टी: वेग, दिशा (वर-खाली आणि डावी-उजवी), फिरकी. आउटपुट: चेंडू कुठे पडला. प्रश्न राहिला तो इनपुट आणायचं कुठून याचा.

इथून गोष्टीचे दोन फाटे फुटतात.

पहिला फाटा चित्राचा. १९८६ मध्ये अॅक्सेस सॉफ्टवेअरचा 'लीडर बोर्ड' हा गेम कमोडोर ६४ वर आला, आणि १९९० मध्ये त्याच कंपनीचा 'लिंक्स' डॉसवर. लिंक्समध्ये खऱ्या मैदानांची हुबेहूब दृश्यं होती. प्रत्येक फटक्यानंतर नवीन दृश्य रंगवायला मशीनला काही सेकंद लागत, झाडं एकेक करून उगवताना दिसत. १९९२ मध्ये आला 'लिंक्स ३८६ प्रो'. प्रोसेसरचा आकडा थेट गेमच्या नावात! 'गोल्फसाठी कॉम्प्युटर कुठला घेऊ' हा प्रश्न इतका जुना आहे. गंमत म्हणजे या गेममध्ये चेंडूचा वेग आणि दिशा माउसच्या क्लिकवर ठरायची. चित्र सुंदर, पण मागे मोजलेलं काहीच नाही.

दुसरा फाटा मोजमापाचा. फुल स्विंग ही अमेरिकन कंपनी १९८६ मध्ये सुरू झाली. त्या पिढीच्या सिम्युलेटरमध्ये चटई आणि पडदा यांच्या मध्ये इन्फ्रारेड किरणांची जाळी असायची. चेंडूने पहिली जाळी कधी तोडली, दुसरी कधी तोडली, कुठले किरण तुटले, यावरून वेग आणि दिशा मिळे. फिरकी मात्र किरणांना दिसत नाही. ती क्लबच्या हालचालीवरून अंदाजाने भरायची. आता ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेतो आणि सात नंबरच्या आयर्नचा सात हजारांच्या आसपास. टेटनी फितीला पीळ घालून जो आकडा मिळवला होता, नेमका तोच अंदाजावर सोडलेला.

चित्र बदललं ते २००३ पासून. डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन ही कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेड्रिक टक्सेन हा रडार इंजिनिअर, आधी तोफगोळ्यांचा माग काढणारी रडार बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला. परत तोफखाना! रॉबिन्सपासून टेटपर्यंत आणि रडारपासून ट्रॅकमॅनपर्यंत, गोल्फला डोळे दोन्ही वेळा तोफखान्यानेच दिले. तत्त्व ट्रॅफिक पोलिसांच्या स्पीडगनचंच. लहरी सोडायच्या, चेंडूवर आपटून परत येताना त्यांची वारंवारिता किती बदलली ते बघायचं. त्याच सिग्नलमध्ये फिरकीचीही खूण सापडते.

याचा परिणाम नुसता यंत्रापुरता राहिला नाही. कित्येक वर्षं शिकवलं जात होतं की चेंडू स्विंगच्या दिशेने सुटतो आणि क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. रडारने हजारो फटके मोजले आणि उलटंच दिसलं. सुटण्याची दिशा बहुतांशी क्लबचं तोंड ठरवतं आणि वळण ठरतं ते तोंड आणि स्विंग यांच्यातल्या कोनावर. काही अभ्यासकांनी हे आधीच मांडलं होतं, पण मैदानावर कुणाच्या हातात मोजपट्टी नव्हती. म्हणजे मेहनती लोक वर्षानुवर्षं चुकीची गोष्ट घोटत होते. मोजमाप नसलं की असं होतं.

रडारची एक अडचण आहे. त्याला चेंडू उडताना बघायला जागा लागते. मैदानावर ती भरपूर, खोलीत नाही. म्हणून खोलीसाठी दुसरा रस्ता निघाला, कॅमेऱ्यांचा. २०१० मध्ये सुरू झालेल्या फोरसाइट स्पोर्ट्सने दोन कॅमेऱ्यांचं यंत्र आणलं. चेंडूच्या शेजारी ठेवायचं. फटका बसताच ते पहिल्या फूटभरातच झटपट फोटो घेतं आणि चेंडूवरच्या खुणा किती सरकल्या ते बघतं. हिशोब करून बघा. ७५ मीटर वेगाने ३० सेंटिमीटर कापायला ४ मिलिसेकंद. मिनिटाला २७०० फेरे म्हणजे सेकंदाला ४५. म्हणजे या ४ मिलिसेकंदांत चेंडू पाव फेरासुद्धा घेत नाही, जेमतेम ६५ अंश. तेवढ्यावरून पूर्ण उड्डाण काढायचं. मोजण्यात एका अंशाची चूक झाली तर तीन मीटरवरच्या पडद्यावर ती ५ सेंटिमीटर दिसेल, पण २५० मीटरवर साडेचार मीटर होईल.

मग यंत्रं स्वस्त होत गेली. २०१४ मध्ये स्कायट्रॅक हे घरगुती कॅमेरा-यंत्र आलं, २०२१ मध्ये गार्मिनचं खिशात मावणारं रडार ६०० डॉलरला. दक्षिण कोरियात तर २००० साली सुरू झालेल्या गोल्फझोनने गल्लोगल्ली 'स्क्रीन गोल्फ' नेलं. जमीन महाग, हिवाळा कडक, आणि ऑफिस सुटल्यावर दोन तास मोकळे. आपल्याला ओळखीचं वाटावं असं चित्र.

आता मूळ प्रश्नाकडे. माझा इंजिनिअरिंगचा रूममेट न्यू जर्सीत असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने गॅरेजमध्ये सिम्युलेटर बसवायचं ठरवलं. मला फोन, "अरे, तू हार्डवेअरमधला किडा ना, कॉम्प्युटर तेवढा सांग." तिथल्या एका दुकानदाराने त्याला पॅकेज दिलं होतं. त्यात निम्म्याहून जास्त पैसे एका भल्यामोठ्या गेमिंग पीसीचे, आणि मोजणारं छोटं रडार जणू सोबत फुकट. साहेब खूश, कारण पीसीत रंगीत दिवे होते.

मी त्याला म्हटलं, आधी टेप घेऊन गॅरेज मोज. खोली १७ फूट, उंची साडेनऊ. रडार चेंडूच्या मागे सहा ते आठ फूट ठेवावं लागतं, चेंडूपुढे आठ फूट तरी उड्डाण हवं, आणि चेंडू लागला की पडदा मागे ताणतो म्हणून भिंतीपासून फूटभर मोकळं. झाले १७! त्यात माणूस मागेपुढे सरकला की संपलं. म्हणजे रडार बाद. कॅमेरा घ्यायचा. पण वहिनी डावखुऱ्या. शेजारी ठेवायचं यंत्र प्रत्येक वेळी उचलून दुसऱ्या बाजूला न्यावं लागणार. दोघं आलटून पालटून खेळणार असतील तर दुसऱ्याच आठवड्यात वैताग. छताला लावायचा कॅमेरा दोघांनाही चालतो आणि साडेनऊ फुटांत बसतो. पण तो महाग.

"पैसे कुठून आणू?" तो म्हणाला. पीसीतून.

कारण कॉम्प्युटरला यात दोन कामं असतात. पहिलं, टेटचं समीकरण सोडवणं. सात सेकंदांचं उड्डाण, सेकंदाचे हजार तुकडे केले तर सात हजार पायऱ्या. कुठलाही जुना लॅपटॉप हे चुटकीसरशी करतो. दुसरं काम चित्र काढणं, आणि खरा भार तिथे आहे. ४के चित्रात ८३ लाख ठिपके असतात, सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास ५० कोटी ठिपके. त्याला तगडं ग्राफिक्स कार्ड लागतं, कबूल. पण त्याने घ्यायचा ठरवलेला प्रोजेक्टर १०८०पी होता, म्हणजे ठिपके बरोब्बर एक चतुर्थांश. तिथे मधल्या दर्जाचं कार्ड, १६ जीबी मेमरी, एसएसडी आणि विंडोज एवढं पुरतं. (बहुतेक सिम्युलेटर सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, मॅकवाल्यांनी आधी चौकशी करावी.) कार्ड दोन वर्षांनी बदलता येतं. छताचा कॅमेरा आणि गॅरेजची लांबी बदलता येत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सेन्सर हा आड, कॉम्प्युटर हा पोहरा. पोहरा सोन्याचा केला तरी पाणी आडात असेल तेवढंच येणार. आणि इथे धोका असा की सिम्युलेटर रिकामा पोहरा कधीच वर आणत नाही. फिरकी मोजता आली नाही तर तो अंदाज भरतो आणि तितक्याच सुंदर गवतावर चेंडू टेकवतो. घरी वर्षभर सराव केलेला सरळ फटका खऱ्या मैदानावर झाडीत गेला की मग कळतं. चित्र जितकं छान, तितका आपला विश्वास जास्त, ही खरी गंमत.

म्हणून घेणाऱ्याने क्रम लावावा तो असा: आधी खोली, मग खेळणारी माणसं, मग मोजणारं यंत्र, मग पडदा आणि प्रोजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा, माझ्या खोलीत हे यंत्र फिरकी मोजतं की अंदाजाने काढतं? काही रडार खोलीत खास खुणेचे चेंडू वापरले तरच फिरकी नीट मोजतात, तेही विचारून घ्यावं.

जाता जाता एक. जानेवारी २०२५ मध्ये टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय यांच्या पुढाकाराने फ्लोरिडात टीजीएल ही बंदिस्त गोल्फ लीग सुरू झाली. पडदा ६४ फूट बाय ५३ फूट, चार-पाच मजली इमारतीएवढा. एवढा खर्च करूनही लांबचे फटके तेवढे पडद्यावर ठेवले. चेंडू भोकाजवळ आला की खेळाडू पडद्याकडे पाठ फिरवतात आणि चढ-उतार बदलता येणाऱ्या खऱ्याखुऱ्या हिरवळीवर खेळतात. जमिनीवरून घरंगळणाऱ्या चेंडूचं गणित त्यांनी पडद्यावर नेलंच नाही. माझ्या मित्रानेही पटिंगचा सराव सिम्युलेटरवर न करता दिवाणखान्यातल्या गालिच्यावर चालवलाय. वहिनी सध्या दोन फटक्यांनी पुढे आहेत.